अंगणात सापडलेला क्रेफिश ओळखायचा कसा? डिग्री नसलेल्या एका माणसाने त्याचा रस्ता दाखवला होता

अमेरिकेतल्या ओहायो, इंडियाना, इलिनॉय या राज्यांमध्ये वसंतातला पाऊस पडून गेला की एक प्रकार हमखास दिसतो. सकाळी माणूस दार उघडून अंगणात येतो, तर हिरवळीत मातीची दोन-चार धुराडी उभी. वीतभर उंच, ओल्या मातीच्या गोळ्या एकावर एक रचलेल्या आणि मधोमध भोक. आदल्या दिवशी तिथं काहीच नव्हतं. जवळपास नदी नाही की तळं नाही. आणि रात्री टॉर्च मारून बघावं, तर त्या भोकातून दोन नांग्या बाहेर आलेल्या.

या प्राण्याला म्हणतात क्रेफिश. आपल्याकडच्या शेवंडीसारखाच लांबट, फक्त आकाराने लहान आणि पुढे दोन दणकट नांग्या असलेला. कोळंबी, शेवंड आणि खेकड्याच्या गोतावळ्यातला हा प्राणी कल्ल्यांनी श्वास घेतो. मग तो कोरड्या जमिनीत काय करतोय? आणि हा नेमका कुठला क्रेफिश?

बहुतेक लोक इथंच फसतात. कुठं सापडला आणि रंग कुठला, एवढ्यावरच नाव ठरवून मोकळे होतात. पण क्रेफिश उलटा करून त्याच्या पोटाखालचे पाय बघायचे, कल्ले तपासायचे आणि मगच तोंड उघडायचं, हा धडा ज्यांनी सामान्य वाचकापर्यंत पोहोचवला त्यात एक नाव फार मोठं आहे.

थॉमस हेन्री हक्सले.

डार्विनचा बुलडॉग म्हणून जग ज्याला ओळखतं, तोच हा माणूस. उत्क्रांतीवरून बिशपशी भिडलेला. पण याच माणसाने ओढ्यातल्या साध्या क्रेफिशवर अख्खं पुस्तक लिहिलं होतं, हे मात्र फारसं कुणाला माहीत नसतं. ते पुस्तक त्यांनी का लिहिलं हे समजून घ्यायचं, तर गोष्ट सुरुवातीपासून सांगावी लागते.

शाळा फक्त दोन वर्षांची

४ मे १८२५ रोजी लंडनजवळच्या ईलिंग गावात थॉमसचा जन्म झाला. आठ भावंडांमध्ये तो शेवटून दुसरा. वडील तिथल्याच शाळेत गणित शिकवायचे. पण शाळेची परिस्थिती बिघडली, घरात पैशांची चणचण सुरू झाली आणि थॉमसचं शिक्षण दहाव्या वर्षी थांबलं. शाळेत तो गेला जेमतेम दोन वर्षं.

पुढचं सगळं त्याने स्वतःच्या जिवावर केलं. मिळेल ते पुस्तक वाचलं. जर्मन भाषा स्वतःची स्वतः शिकला, पुढे लॅटिन आणि ग्रीकही. त्या काळात वैद्यकी शिकण्याचा एक मार्ग म्हणजे एखाद्या डॉक्टरच्या हाताखाली उमेदवारी करणं. १८४१ मध्ये थॉमस लंडनच्या रॉदरहाइथ भागात अशाच एका डॉक्टरकडे कामाला लागला. गोदीच्या बाजूची ती गरीब वस्ती. उपाशी माणसं, कोंदट खोल्या आणि औषधापेक्षा भाकरीची जास्त गरज असलेले रुग्ण. सोळा वर्षांच्या पोराने जे पाहिलं, ते तो आयुष्यभर विसरला नाही.

१८४२ मध्ये चेरिंग क्रॉस हॉस्पिटलची शिष्यवृत्ती मिळाली. अवघ्या विसाव्या वर्षी त्याने केसाच्या मुळाशी असलेला पेशींचा एक थर शोधून काढला. आजही शरीरशास्त्राच्या पुस्तकात तो थर हक्सलेच्या नावाने छापला जातो. लंडन विद्यापीठाच्या वैद्यकीय परीक्षेच्या पहिल्या भागात शरीररचना आणि शरीरक्रिया या विषयांत सुवर्णपदकही मिळालं.

पण अंतिम परीक्षा त्याने दिलीच नाही. त्यामुळे विद्यापीठाची डिग्री काही हाती आली नाही. डोक्यावर मात्र कर्ज होतं. मग पोटासाठी तो नौदलात भरती झाला.

जहाजाच्या डेकवरची प्रयोगशाळा

डिसेंबर १८४६ मध्ये 'रॅटलस्नेक' हे जहाज ऑस्ट्रेलियाकडे निघालं. ग्रेट बॅरियर रीफ आणि न्यू गिनीच्या आसपासच्या समुद्राचे नकाशे बनवणं हे जहाजाचं काम. हक्सले त्यावर सहायक सर्जन.

जहाजावर ना प्रयोगशाळा ना धड ग्रंथालय. सोबत एक सूक्ष्मदर्शक आणि चहूबाजूंनी समुद्र. हक्सले यांनी पाण्यातून जेलीफिश आणि त्यांच्यासारखे पारदर्शक जीव काढून तपासायला सुरुवात केली. हे जीव बाहेर काढले की थोड्याच वेळात खराब व्हायचे, त्यामुळे संग्रहालयात बसून त्यांचा अभ्यास होतच नव्हता. हक्सले यांनी दाखवून दिलं की वरून वेगळे दिसणारे हे जीव आतून पेशींच्या दोन थरांच्या एकाच साच्यावर बेतलेले आहेत. बाहेरच्या रूपावर जाऊ नका, आतली रचना बघा, हा त्यांच्या कामाचा पाया इथंच घातला गेला.

याच सफरीत सिडनीमध्ये त्यांची हेन्रिएटा हीथॉर्नशी भेट झाली आणि १८४७ मध्ये लग्न ठरलं. पण हातात पैसा नव्हता. लग्न व्हायला १८५५ साल उजाडलं.

१८५० मध्ये हक्सले परत आले तेव्हा त्यांचे निबंध लंडनमध्ये गाजत होते. वयाच्या सव्विसाव्या वर्षी ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले, पुढच्याच वर्षी सोसायटीचं रॉयल मेडल मिळालं. पण नोकरी? टोरंटोच्या प्राध्यापकपदासाठी अर्ज केला. ती जागा गेली तिथल्या एका मोठ्या राजकीय नेत्याच्या भावाला. नौदलाने संशोधन छापायला पैसे दिले नाहीत, उलट पुन्हा जहाजावर रुजू व्हायचा हुकूम काढला. हक्सले यांनी नकार दिला आणि १८५४ मध्ये नौदलाने त्यांचं नाव यादीतून कापलं.

सुदैवाने त्याच वर्षी लंडनच्या सरकारी खाणशाळेत शिकवायची नोकरी मिळाली, आणि गाडी रुळावर आली.

भांडण आणि दुःख, एकाच वर्षी

१८५९ मध्ये डार्विन यांचं पुस्तक आलं. डार्विन स्वतः वादांपासून लांब राहणारे, तब्येतीने नाजूक. मैदानात उतरले हक्सले. ३० जून १८६० रोजी ऑक्सफर्डमध्ये बिशप सॅम्युअल विल्बरफोर्स यांच्यासोबत त्यांची जी चकमक झाली, तिच्या आख्यायिका आजही सांगितल्या जातात. तिथं कोण काय बोललं याची शब्दशः नोंद कुणी ठेवली नाही. पण लोकांच्या लक्षात राहिलं ते एवढंच, की माकडाशी नातं सांगायला हक्सले लाजले नाहीत, मात्र बुद्धी वापरून सत्य झाकणाऱ्या माणसाशी नातं सांगायला त्यांनी नकार दिला.

पण १८६० हे साल त्यांच्यासाठी वेगळ्याच कारणाने न विसरता येणारं ठरलं. सप्टेंबरमध्ये त्यांचा मोठा मुलगा नोएल स्कार्लेट फीव्हरने गेला. चार वर्षांचाही नव्हता तो. धर्मगुरू आणि लेखक चार्ल्स किंग्जली यांनी सांत्वनाचं पत्र पाठवलं, त्यात आत्म्याच्या अमरत्वाचा आधार देऊ केला. हक्सले यांनी अतिशय आदराने लांबलचक उत्तर लिहिलं. त्याचा सार असा, की ज्या गोष्टीचा पुरावा नाही ती फक्त बरं वाटावं म्हणून मान्य करणं त्यांना जमणार नाही.

मुलगा गेल्यावर आठवडाभरात लिहिलेलं हे पत्र. पुराव्याशिवाय बोलायचं नाही हा नियम त्यांनी विरोधकांना लावला, तसा स्वतःच्या दुःखालाही लावला. पुढे १८६९ मध्ये या भूमिकेसाठी त्यांनी एक नवा शब्दच घडवला. अॅग्नॉस्टिक, म्हणजे अज्ञेयवादी.

याचा अर्थ ते सगळ्याच बाबतीत काळाच्या पुढे होते असं नाही. गुलामगिरी संपली पाहिजे असं ते ठामपणे म्हणायचे, पण त्याच वेळी गोऱ्या लोकांना बुद्धीने वरचढही मानायचे. पुराव्याची कसोटी त्यांनी इथं मात्र नीट वापरली नाही.

शास्त्रासाठी साधा क्रेफिश पुरे

हक्सले यांना एका गोष्टीची चीड होती. शास्त्र शिकवलं जायचं ते पाठांतराने. मुलं प्राण्यांची नावं घोकायची, पण प्राणी हातात कधी घ्यायची नाहीत.

ते स्वतः कामगारांसाठी संध्याकाळची व्याख्यानं द्यायचे. फी नाममात्र, सभागृह तुडुंब. १८६८ मध्ये नॉर्विच शहरात त्यांनी कामगारांसमोर सुताराच्या खिशातला खडूचा तुकडा धरला आणि त्यातून अख्ख्या पृथ्वीचा इतिहास उलगडून दाखवला. १८७० मध्ये लंडनच्या पहिल्या स्कूल बोर्डावर ते निवडून आले. त्याच दशकात साउथ केन्सिंग्टनमध्ये त्यांनी शिक्षकांसाठी वर्ग सुरू केले. आधी व्याख्यान, मग लगेच टेबलावर तोच प्राणी, हातात चिमटा आणि कात्री. यीस्टपासून सुरुवात आणि बेडकाशी शेवट. मधे एक मुक्काम ठरलेला, क्रेफिश. पुढे १८८४ मध्ये त्यांच्या वर्गात एक गरीब घरातला मुलगा बसला होता. त्याचं नाव एच. जी. वेल्स.

या सगळ्या धावपळीत तब्येत ढासळली, पैशांचीही ओढाताण झाली. १८७३ मध्ये डार्विन आणि इतर मित्रांनी मिळून २१०० पौंड जमवले आणि त्यांना सक्तीने विश्रांतीला पाठवलं.

त्यानंतर आलं ते काम ज्यासाठी ही गोष्ट सांगतोय. १८७८ मध्ये हक्सले यांनी लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीसाठी जगभरातल्या क्रेफिशच्या वर्गीकरणावर निबंध लिहिला आणि १८८० मध्ये आलं 'द क्रेफिश' हे पुस्तक. इंग्लंडच्या ओढ्यात कुणालाही मिळेल असा एक प्राणी घ्यायचा आणि त्याचं बोट धरून वाचकाला प्राणिशास्त्राच्या सगळ्यात मोठ्या प्रश्नांपर्यंत न्यायचं, अशी त्याची रचना. तो काय खातो, कात कशी टाकतो, कल्ले कसे चालतात, पाय आणि नांग्या एकाच साच्यातून कशा घडल्या, जगात त्याचे भाऊबंद कुठं आहेत आणि ते आले कुठून.

क्रेफिश बिळं करतो हेही त्यात आहे. हिवाळ्यात तो काठात बीळ करून बसतो आणि माती मऊ असेल तर पाण्यापासून बराच आतपर्यंत खोदत जातो.

मग ओळखायचा कसा?

इथं हक्सले यांचं काम थेट त्या अंगणातल्या धुराड्यापाशी येतं.

त्यांनी कल्ल्यांची रचना बारकाईने तपासून जगातल्या क्रेफिशचे दोन मोठे गट मांडले. एक उत्तर गोलार्धातला, म्हणजे युरोप, उत्तर अमेरिका आणि पूर्व आशियातला. दुसरा दक्षिणेतला, म्हणजे ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, मादागास्कर आणि दक्षिण अमेरिकेतला. दक्षिणेच्या गटाला पॅरास्टॅसिडी असं नाव दिलं. आजही शास्त्रज्ञ त्या नावापुढे हक्सले यांचं नाव लिहितात.

हा फरक साध्या डोळ्यांनीही दिसतो. क्रेफिश उलटा करायचा. शेपटीच्या भागाखाली छोट्या पायांच्या जोड्या असतात. उत्तरेकडच्या नरात पहिली जोडी कडक काडीसारखी होऊन पुढे वळलेली असते. दक्षिणेकडच्या क्रेफिशमध्ये ही पहिली जोडी नसतेच, ना नरात ना मादीत.

पुढच्या पिढ्यांनी हीच वाट पकडली. विसाव्या शतकात अमेरिकेच्या हॉर्टन हॉब्ज यांनी शेकडो जातींचा अभ्यास केला आणि क्रेफिशचे खोदण्याच्या सवयीनुसार तीन वर्ग पाडले. पहिला, जवळपास सगळं आयुष्य बिळात काढणारा. दुसरा, बिळात राहून पावसाळी दिवसांत पाण्यात उतरणारा. आणि तिसरा, एरवी पाण्यात राहून फक्त दुष्काळात किंवा अंडी घालताना बीळ गाठणारा.

अंगणात धुराडं दिसलं तर बहुधा पहिल्या दोन वर्गांतला पाहुणा. त्याचं बीळ खाली भूजलापर्यंत जातं, कधी मीटरभर तर कधी त्याहून खोल. तळाशी पाणी किंवा दमट हवा असली की कल्ले ओले राहतात आणि त्याचं भागतं. खोदलेली माती टाकायची कुठं? तर गोळ्या करून दारातच. तेच ते धुराडं. अशाच एका अमेरिकन जातीला १८५२ मध्ये चार्ल्स जिरार्ड यांनी डायोजिनीस असं नाव दिलं. रांजणात राहणारा ग्रीक तत्त्ववेत्ता डायोजिनीस, तसाच हा बिळात राहणारा.

मुरलेला खोदकाम्या क्रेफिश अंगावरूनही कळतो. नांग्या रुंद आणि जाड. दोन डोळ्यांमधलं टोक आखूड. शेपटीचा भाग पाण्यातल्या भावंडांपेक्षा बारीक, कारण पोहायचं कामच नाही. आणि पाठीवर दोन वक्र रेषांच्या मधे जी पट्टी असते ती अरुंद किंवा पूर्ण मिटलेली, कारण दोन्ही बाजूंच्या कल्ल्यांच्या कप्प्यांनी जास्त जागा घेतलेली असते. पण नेमकी जात सांगायची तर बऱ्याचदा पुन्हा तिथंच यावं लागतं, नराच्या पोटाखालच्या त्या पहिल्या जोडीपाशी. तिच्या टोकाचा आकार जातीनुसार बदलतो. रंगावर विसंबून चालत नाही, तो एकाच जातीतही वेगवेगळा असू शकतो.

आपल्याकडे क्रेफिश का नाहीत?

हक्सले यांनी जगाचा नकाशा समोर ठेवला तेव्हा एक विचित्र गोष्ट दिसली. उत्तरेचा पट्टा आणि दक्षिणेचा पट्टा यांच्या मधे मोठी रिकामी जागा. आफ्रिकेच्या मुख्य भूमीवर मूळचे क्रेफिश नाहीत आणि भारतातही नाहीत. या भागांत गोड्या पाण्यातले खेकडे आणि मोठी कोळंबी भरपूर आहेत, त्यांच्याशी असलेल्या स्पर्धेमुळे तर असं झालं नसेल, हा मुद्दा त्यांनी विचारात घेतला.

सह्याद्रीच्या ओढ्यात आणि भाताच्या बांधावर बिळं करून राहणारे खेकडे ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे लगेच पटेल. दख्खनमध्ये काम केलेले कर्नल साईक्स यांनी इथले जमिनीत बिळं करणारे खेकडे इंग्लंडला नेले आणि १८३६ मध्ये वेस्टवूड यांनी त्या जातीचं शास्त्रीय वर्णन केलं. नावातच सशासारखं बीळ करणारा असा अर्थ ठेवला. तेव्हा अमेरिकन माणसाच्या अंगणात जे काम क्रेफिश करतो, ते आपल्याकडे खेकडा करतो.

एकेक प्राणी हातात घेऊन शिकायची हक्सले यांची पद्धत भारतातल्या कॉलेजांमध्येही आली, पण क्रेफिश कुठून आणणार? मग त्याच्या जागी कोळंबी आली. १९३७ मध्ये एस. एस. पटवर्धन यांनी भारतीय नदीतल्या कोळंबीवर सविस्तर ग्रंथ लिहिला. दाराशी मिळेल तो प्राणी घ्या, हे सूत्र इथंही लागू पडलं.

ओळख चुकली तर काय बिघडतं?

बरंच बिघडतं. हक्सले यांनी ज्या साध्यासुध्या इंग्लिश क्रेफिशवर पुस्तक लिहिलं, तो आता संकटग्रस्त जातींच्या यादीत आहे. १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये शेतीसाठी अमेरिकेचा सिग्नल क्रेफिश आणला गेला. तो तळ्यांतून निसटून नद्यांमध्ये पसरला. त्याच्यासोबत क्रेफिश प्लेग आला, जो अमेरिकन जातीला फारसा त्रास देत नाही पण युरोपियन जातीचा सुपडा साफ करतो. बुरशीसारख्या ज्या सूक्ष्मजीवामुळे हा रोग होतो, त्याच्याच नात्यातल्या एका जीवावर हक्सले यांनी काम केलं होतं. १८८१ पासून ते सरकारचे मत्स्यनिरीक्षक होते आणि सॅमन माशांवर आलेली साथ त्यांनीच तपासली होती.

दोन्ही क्रेफिशमधला फरक नांगी उलटी केली की कळतो. सिग्नलची खालची बाजू लाल, इंग्लिश क्रेफिशची मळकट पांढरी. म्हणूनच सापडलेला क्रेफिश ओळख न पटवता उचलून दुसऱ्या पाण्यात सोडणं म्हणजे अख्खा ओढा धोक्यात घालणं. फोटो काढायचा, वरून आणि खालून, आणि जिथं सापडला तिथंच राहू द्यायचा. तो परदेशी घुसखोर वाटला तर स्थानिक वन्यजीव विभागाला कळवायचं.

१८८३ मध्ये हक्सले रॉयल सोसायटीचे अध्यक्ष झाले. दोन वर्षं शाळेत गेलेला, डिग्री नसलेला माणूस ब्रिटिश विज्ञानातल्या सगळ्यात मानाच्या खुर्चीत बसला. तब्येतीमुळे १८८५ मध्ये त्यांनी निवृत्ती घेतली आणि २९ जून १८९५ रोजी ईस्टबोर्न इथं त्यांचं निधन झालं. त्यांच्या नातवंडांमध्ये लेखक ऑल्डस हक्सले, जीवशास्त्रज्ञ ज्युलियन हक्सले आणि १९६३ चे नोबेल विजेते अँड्र्यू हक्सले होते.

क्रेफिशवरचं ते पुस्तक आजही मिळतं. त्यातली काही नावं बदललीत, काही मतं मागे पडलीत. पण ओहायोतल्या अंगणात पाऊस पडल्यावर धुराडं उगवतं आणि एखादं पोर त्यातला प्राणी अलगद उलटा करून पाय मोजायला लागतं, तेव्हा ते हक्सले यांच्याच वर्गात बसलेलं असतं.